नांगर, भरती आणि पक्ष्यांचं बेट

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



आधी एक खुलासा करतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय नुसता ‘नांगर’ असा छापलाय. त्यामुळे मघाशी जेवणाच्या रांगेत दोघांनी विचारलं, की शेतीवर बोलणार का? नाही. ‘परदेशात नांगर टाकलेली आपण माणसं’ अशा अर्थानेही बोलणार नाही. ते भाषण आपण सगळ्यांनी निदान दहा वेळा ऐकलंय, आणि त्यात शेवटी डोळे पुसावे लागतात. माझा नांगर लोखंडाचा आहे, दहा किलोचा, चाळीस मीटर साखळीला बांधलेला. आम्ही तिघांनी भागीदारीत घेतलेल्या एकोणतीस फुटी शिडाच्या बोटीवर तो असतो, आणि वर्षातून दहा-बारा रात्री आमची झोप त्याच्या भरवशावर असते.

आजच हा विषय का, तर समिती पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल होली आयलंडला न्यायच्या विचारात आहे. तुम्ही सगळे गाड्यांनी जाणार, मी तिथे बोटीने जातो. रस्ता वेगळा, पण दोघांचा मालक एकच आहे, तो म्हणजे भरती-ओहोटी. तेव्हा आधी थोडं बेटाबद्दल सांगतो.

होली आयलंड, म्हणजेच लिंडिसफार्न, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थंबरलँडमध्ये आहे. स्कॉटलंडची हद्द तिथून फार लांब नाही. वस्ती दीडेकशे माणसांची. दिवसातून दोनदा समुद्र त्याला जमिनीपासून तोडतो आणि दोनदा परत जोडतो. मुंबईकरांना हाजीअलीचा रस्ता आठवेल, अलिबागकरांना कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परत यायचं, नाहीतर किल्ल्यातच बसून राहायचं. इथे फरक अंतराचा आहे. रस्ता काही मैलांचा, आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर रेती आणि चिखल. डांबरी रस्ता १९५४ साली झाला. त्याआधी लोक रेतीत रोवलेल्या खांबांच्या रांगेच्या आधाराने चालत किंवा घोडागाडीने जायचे. ते खांब अजून आहेत आणि यात्रेकरू अजूनही त्या वाटेने अनवाणी जातात.

इतिहास तुम्हाला गाईडबुकात मिळेलच, मी दोन ओळीत उरकतो. सन ६३५ मध्ये संत एडन यांनी इथे मठ स्थापन केला, आणि ७९३ मध्ये व्हायकिंग लोकांनी समुद्रातून येऊन तो लुटला. टेकाडावरचा छोटा किल्ला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहण्याजोगा करून दिला तो ल्युटेन्स यांनी. हो, तेच, नवी दिल्लीत राष्ट्रपती भवन बांधणारे. एवढ्या आडबाजूलाही आपल्या ओळखीचं कोणीतरी निघतंच.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बेटाभोवतीचं. बेटाचा मोठा भाग, आसपासची पुळण, चिखलाची मैदानं आणि वाळूच्या टेकड्या मिळून १९६४ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. आपण भरतीच्या वेळी बघितलं तर तिथे नुसतं पाणी दिसतं. ओहोटीला त्याच पाण्याखालून समुद्री गवताची कुरणं बाहेर येतात. हे शेवाळ नव्हे, खरंखुरं मुळांचं, फुलं येणारं गवत. स्वालबार्डहून, म्हणजे जवळजवळ उत्तर ध्रुवाकडून, फिकट पोटाचे ब्रेंट जातीचे राजहंसासारखे पण लहान हंस हिवाळ्यात हजारोंनी इथे येतात ते या गवतासाठी. त्यांच्यातले बाकीचे मुख्यतः डेन्मार्कला जातात. ब्रिटनमध्ये त्यांचा भरवशाचा मुक्काम हाच. एवढं हजारो मैल उडून यायचं आणि ताटात काही नसेल तर? म्हणून ते गवत जपायचं.

आता नांगराकडे येतो, आणि त्यासाठी आमच्या अण्णांना मध्ये आणायला हवं. अण्णा म्हणजे माझे सासरे. रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म खाडीकाठचा. गेल्या काही वर्षांत तीन-चार उन्हाळे ते आमच्याकडे येऊन गेले. एका वर्षी गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन बोटीने होली आयलंडला गेलो. बरोबर बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि आमचा एक भागीदार, जो स्कॉटिश आहे आणि फार कमी बोलतो.

निघायच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघरात टाइड टेबल उघडून बसलो होतो. अण्णांनी चष्मा चढवून विचारलं, “जावईबुवा, उद्या तिथी कोणती?” मी म्हटलं, वद्य प्रतिपदा. ते म्हणाले, “मग पाऊण तास. आमच्याकडे पाऊण वाजता पूर्ण भरती. तुमच्याकडे किती?”

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पाऊणपटच का? कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. त्यात शास्त्र पक्कं आहे. फक्त प्रत्येक बंदराचा आपला एक ठरावीक फरक असतो, कारण भरतीची लाट किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत येते. होली आयलंडला उन्हाळी घड्याळाप्रमाणे कोकणच्या आकड्यात साधारण साडेतीन तास मिळवायचे. टेबलात दुसऱ्या दिवशीची भरती होती सव्वाचारची. अण्णांनी पाऊणमध्ये साडेतीन मिळवले, सव्वाचार आले, आणि चष्मा काढून ते झोपायला गेले. मी मात्र टेबलच घेऊन निघालो. वारा आणि हवेचा दाब पाण्याची उंची बदलतात, मिनिटंही इकडेतिकडे होतात. अण्णांचं गणित हिशेब तपासायला उत्तम, बोट त्यावर चालवू नये.

बेटाच्या दक्षिणेला आसऱ्याची जागा आहे, पण आत शिरायला मधे रेतीचा उथळ उंबरठा ओलांडावा लागतो. पूर्वेकडून लाट येत असेल तर तिथे पाणी फुटतं, आणि तसं असलं की तिकडे फिरकूच नये. वाट कशी सापडते ते बघण्यासारखं आहे. समोरच्या रेतीच्या टोकावर एकोणिसाव्या शतकातले दोन दगडी मनोरे आहेत, वीस-पंचवीस मीटर उंचीचे, वर निमुळते होत गेलेले. बायको म्हणाली, “अय्या, दीपमाळा!” आणि खरंच, देवळासमोरच्या दोन दीपमाळा कोणी देऊळ विसरून नुसत्याच समुद्रावर ठेवून दिल्यासारख्या दिसतात. बाहेरून येताना त्या दोन्ही एकामागे एक, एका रेषेत धरायच्या. पुढची मागचीच्या डावीकडे दिसायला लागली की आपण रेषेतून सरकलो. मग आत आल्यावर रेषा बदलायची. बेटावरच्या खडकाळ कण्यावर लाल त्रिकोणाची खूण आहे, ती चर्चच्या घंटाघराशी जुळवून वायव्येकडे वळायचं. फोनवर नकाशा असतो, जीपीएस असतं, सगळं असतं. पण रेती सरकते आणि नकाशा मागे राहतो. दगडी मनोरा सरकत नाही. (तरी ताजा नकाशा घ्यावाच. हे मुलाला सांगताना मी गंभीर चेहरा करतो.)

दोन वाजता आम्ही नांगर टाकायच्या जागी पोचलो. डेप्थ मीटर सहा मीटर दाखवत होतं. आता सहा मीटर हे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतो. उधाणाचे दिवस होते. त्या ठिकाणी उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाच्या दिवसांत त्याच्या साधारण निम्मं. आणि ते सारख्या वेगाने चढत नाही. आपण बारा हिश्श्यांचा नियम लावतो. सहा तासांपैकी पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. हा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या गाड्यांच्या वेळी परत लागणार आहे.

आम्ही पोचलो तेव्हा चार तास झाले होते, म्हणजे बारापैकी नऊ हिस्से आले होते, तीन यायचे होते. तीन हिस्से म्हणजे सुमारे एक मीटर. तेव्हा भरतीला खोली सात मीटर होणार. रात्री साडेदहाला ओहोटी, तेव्हा सातातून सव्वाचार गेले की पावणेतीनच्या आसपास. आमच्या बोटीला तरंगायला एक मीटर चाळीस सेंटीमीटर लागतात, म्हणजे तळाखाली सव्वा-दीड मीटर शिल्लक. चालेल. आता साखळी किती सोडायची? ती भरतीच्या खोलीवर ठरते, आत्ताच्या नाही. सात मीटर खोली, अधिक पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंत एक मीटर, झाले आठ. साखळीला किमान चौपट, म्हणजे बत्तीस. आम्ही पस्तीस सोडली. नुसता दोर असेल तर सहापट तरी हवा. नांगराने बोट धरायची तर त्याच्यावर ओढ आडवी यायला हवी. वरून ओढलं तर कुठलाही नांगर उपटून येतो. साखळीचं वजन ती ओढ आडवी ठेवतं, म्हणून पैसे नांगरापेक्षा साखळीवर घालावेत असं माझं मत आहे. बोटीच्या दुकानातले लोक याच्या उलट सांगतात.

मग इंजिन उलटं टाकून हळूहळू ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बघायचं की आपण सरकतोय का. आम्ही किल्ल्याचा कोपरा आणि त्याच्या मागचं कुंपण धरलं. हललं नाही. अण्णा म्हणाले, “धरला.” कोकणातही हाच शब्द आहे.

संध्याकाळी चहा घेऊन सगळे वर बसलो. ओहोटी लागली तसं पाणी नदीसारखं बाहेर वाहायला लागलं आणि बोट आपोआप अर्धं वर्तुळ फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. हे दर सहा तासांनी होतं. नांगरही तेव्हा तळाशी पिळवटतो, कधी सुटतो आणि परत रुततो. म्हणून अशा जागी “नांगर टाकला, झोपलो” असं करता येत नाही. पाणी फिरलं की जागं राहून बघायचं.

आठच्या सुमाराला रेती वर यायला लागली आणि त्या रेतीवर शेकड्यांनी सील येऊन पडले. त्यांचा आवाज लांबून एखाद्या बाईने गळा काढावा तसा येतो. अण्णा दचकून म्हणाले, “कोण रडतंय?” मुलाने आजोबांच्या हातात दुर्बीण दिली. मग पाऊण तास दुर्बीण कोणाला मिळाली नाही.

मुलाला छोट्या रबरी होडीने समोरच्या रेतीच्या टोकावर जायचं होतं. अगदी जवळ दिसत होतं, आणि पुळण अशी की कोणाचंही पाऊल पडलेलं नाही. पण उन्हाळ्यात टर्न पक्षी तिथल्या उघड्या रेतीवर अंडी घालतात. घरटं असं नसतंच, नुसता एक खळगा, आणि अंडं रेतीच्याच रंगाचं. पाय पडला तरी कळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे नुसतं जवळ गेलं तरी पक्षी उठतात आणि उघड्यावरची अंडी थंड होतात. म्हणून दोर लावून जागा बंद केलेल्या असतात. मुलगा थोडा फुगला. तेव्हा अण्णांनी त्याला वेळासचं सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून गावकरी आणि निसर्गप्रेमी मंडळी समुद्री कासवांची अंडी जपतात, कुंपण घालून, आणि पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडतात. “आपल्याकडे कासवं, इथे पक्षी. दोर दिसला की थांबायचं,” एवढंच ते म्हणाले. मी हेच दहा मिनिटं इंग्रजीत समजावत होतो.

हवामानाचा अंदाज नैऋत्येचा वारा चार, मध्यरात्रीनंतर पाच ते सहा असा होता. पूर्वेचा असता तर आम्ही बेट न बघताच दुपारी निघालो असतो, कारण मग उंबरठ्यावर पाणी फुटून बाहेर पडायची वाट बंद होते. नैऋत्येचा वारा जमिनीवरून येतो, वाट उघडी राहते. म्हणून थांबलो.

पण त्या जागेचा एक गुण आहे. ओहोटीला चहूबाजूंनी रेती उघडी असते आणि मधे आपण तळ्यात असल्यासारखे. भरतीला तीच रेती पाण्याखाली जाते, तळ्याच्या भिंतीच नाहीशा होतात, आणि नैऋत्येला दोन-तीन मैल मोकळं पाणी तयार होतं. पहाटे साडेतीनला ते झालं. वारा एकीकडून आणि भरतीचं पाणी दुसरीकडून, दोघांच्या ओढाताणीत बोट कधी इकडे तोंड करी, कधी तिकडे. साखळी तळावर घासल्याचा आवाज आत बिछान्यात ऐकू येत होता. बायको मुलाला धरून बसली होती. शेजारी साठेक मीटरवर दुसरी बोट होती, तिच्यावरही दिवा लागला.

आमच्या भागीदाराने तेव्हा त्या रात्रीतलं सगळ्यात लांब वाक्य बोललं. म्हणाला, इथून अर्धा मैल वाऱ्याकडे, चिखलाच्या मैदानावर जाऊ, आत्ता तिथे तीन मीटर पाणी आहे, किनाऱ्याचा आडोसा आहे, दोन तास काढून परत येऊ. बोलणं चुकीचं नव्हतं. तिथे खरंच शांत होतं, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पण त्या तीन मीटरखाली गवत होतं. वाऱ्यात बोट डोलते तेव्हा साखळी तळ खरवडत फिरते, आणि गवतात ती एक टक्कल पाडते. समुद्री गवत परत धरायला वर्षं जातात. शिवाय तासाभरात भरती संपणार होती. अण्णा दारातून म्हणाले, “चढत्या पाण्यात बोट टेकली तर पाणी उचलतं, जावईबुवा. उतरत्या पाण्यात टेकली तर सकाळपर्यंत बसा.”

आम्ही हललो नाही. उरलेली पाच मीटर साखळी आणि तिच्यामागे पंधरा मीटर दोर सोडला. त्याआधी शेजारच्या बोटीला रेडिओवर विचारलं, कारण आपलं वर्तुळ वाढलं की त्यांच्या वर्तुळात जातं, आणि तिथे नंतर आलेल्याने सांभाळायचं अशी रीत आहे. ते म्हणाले, आम्हीही तेवढंच सोडतो. मग मी टॉर्च घेऊन पुढे बसलो, साखळीवर हात ठेवून. नांगर घसरत असला की साखळी हाताला थरथरते, दगडांवरून गाडी गेल्यासारखी. थरथरली नाही. फोनवरचा अलार्मही वाजला नाही, पण हाताने कळतं तेव्हा जास्त बरं वाटतं. साडेपाचच्या सुमाराला ओहोटी लागली. आता पाणी आणि वारा दोन्ही जवळजवळ एकाच बाजूने यायला लागले, आणि बोट एकदम शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. वारा तसाच होता, जरासुद्धा कमी झाला नव्हता.

नऊ वाजता नांगर वर काढला. राखाडी चिखलाने माखलेला, वर थोडे शिंपले. गवताची पात एकही नव्हती. मुलाने बादलीने धुतला.

बरं, आता तुमच्या सहलीबद्दल. त्या रस्त्यावर दर वर्षी गाड्या अडकतात. रस्ता कोरडा दिसतो, माणूस म्हणतो पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, आणि मधल्या खोलगट भागात पाणी आधीच आलेलं असतं. बारा हिश्श्यांतले मधले सहा आठवा. खांबांवर एक लाकडी खोली आहे, अडकलेल्यांनी चढून बसायला. तिथून लाईफबोट किंवा कोस्टगार्डचे लोक उतरवून नेतात. माणसं बहुधा वाचतात, गाडी भंगारात जाते. तेव्हा नॉर्थंबरलँड कौंटी कौन्सिल तारीखवार सुरक्षित वेळा प्रसिद्ध करते, त्या प्रत्येक गाडीत छापील हव्यात. डोळ्यांवर विसंबू नका. वेळ चुकली तर बेटावरच थांबा, चहा प्या, पाच-सहा तासांनी रस्ता परत मिळतो. ड्रोन घरी ठेवा, आणि दोराच्या आत फोटोसाठीसुद्धा नाही.

आणि समितीला एक सूचना. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तिथे ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला येते, म्हणजे रस्ता सकाळी उघडा आणि दुपारी बंद. आपली मंडळी सकाळी दहाला तिथे पोचतील यावर माझा विश्वास नाही. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी साडेतीनच्या सुमाराला येते, मग रस्ता दुपारपासून संध्याकाळपर्यंत मिळतो आणि डबे खाऊन किल्ला बघून परत येता येतं. तेव्हा जून-जुलैमधला अष्टमीजवळचा एखादा शनिवार बघा. पंचांग माझ्याकडे आहे. कौन्सिलचं वेळापत्रक सचिवांनी बघावं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय कोणाकडून पैसे घेऊ नयेत.